राईस मावशींची कलती मान

राईस मावशी कुणालाही ‘नाही’ म्हणत नसत. शिष्ट होत्या म्हणून नव्हे, घाबरट होत्या म्हणूनही नव्हे. तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेरच पडत नसे. नकार द्यायची वेळ आली की त्या मान एका बाजूला कलती करायच्या, दातांच्या फटीतून हवा आत ओढायच्या, ‘स्स्स्…’, गरम चहाने जीभ पोळल्यावर आपण करतो तशी, आणि मग गप्प उभ्या राहायच्या. समोरच्याने काय ते समजून घ्यावं आणि आपण होऊन माघार घ्यावी, ही त्यांच्या जपानमधली रीत. अमेरिकन गिऱ्हाइकांना त्यातलं काही कळायचं नाही. आपल्या लोकांना मात्र कळायचं, आणि नेमकं उलटं कळायचं. कारण मान कलली की आपल्याकडे त्याचा अर्थ ‘चालेल की’!

त्या कलत्या मानेपायी माझं दुकान एकदा हातचं जायची वेळ आली होती. गेलं नाही. का गेलं नाही, ते सांगायला बसले आहे.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावात मोठ्या रस्त्याच्या कडेला दुकानांची एक बुटकी रांग होती. पुढे गाड्या लावायला जागा, मागे उंच काळपट झाडं आणि निम्मं वर्ष वरून रिपरिप. ग्रीन कार्ड हातात आल्याबरोबर, २००२ साली, मी त्या रांगेत किराणा दुकान काढलं. मी इचलकरंजीची. वडिलांच्या कापडाच्या गाळ्यावर बसून मी भाव करायला शिकले, आणि कुणाच्या बापाची मदत न घेता ते दुकान उभं केलं. आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये. माझा स्वभाव तापट, आवाज मोठा. हे म्हणायचे, “तू भाव करायला लागलीस की मी गाडीत जाऊन बसतो.” पुण्या-मुंबई-नागपूरहून कंपन्यांमध्ये आलेली पोरं मला काकू म्हणायची आणि माझ्याकडे भाव करायला धजायची नाहीत.

माझ्या शेजारचं, कोपऱ्याचं दुकान मावशींचं. क्योतोच्या बाजूच्या. एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून तरुणपणीच इकडे आल्या आणि तो वारल्यावर पोळपाटाएवढ्या ओट्यावर त्यांनी भाताचे त्रिकोणी मुटके करून विकायला सुरुवात केली. आत थोडं खारवलेलं काहीतरी, बाहेरून समुद्रशेवाळाचा कुरकुरीत पापड. ते दिवस सुशीच्या वेडाचे होते. ज्याला चहा धड करता येत नव्हता तो काड्यांनी सुशी खायला शिकत होता. लोक मावशींकडे येऊन सुशी मागायचे. मावशी मान कलती करायच्या. मला एकदा म्हणाल्या, “सुशी पाहुण्यांसाठी. भाताचा मुटका घरच्यांसाठी. मी पाहुण्यांना जेवायला घालत नाही.” दुकानात येणाऱ्या सगळ्यांना त्या घरचेच समजत होत्या, असा त्याचा अर्थ. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पोरांनी त्यांना राईस मावशी नाव पाडलं. मावशी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा एक चिमुरडी म्हणाली, “मॉम्स सिस्टर.” तर त्या बाईने त्या एवढ्याशा पोरीला कमरेत वाकून नमस्कार केला!

आमची ओळख झाली तिळांवरून. दुकान उघडून थोडेच दिवस झाले होते. मावशी आल्या, वाकल्या, पांढऱ्या तिळांच्या पिशवीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी भाव सांगितला. त्यांनी मान कलती केली. ‘स्स्स्…’ मी म्हटलं, अरे वा, बाई मुरलेली दिसते. भाव उतरवला. त्या गप्प. अजून उतरवला. त्या पिशवीकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत, पण तोंडातून अक्षर नाही. असं खमकं गिऱ्हाईक मी आख्ख्या इचलकरंजीत पाहिलं नव्हतं. शेवटी खरेदीच्या भावावर आले आणि ओरडले, “आता यापुढे दुकानच घेऊन जा!” मावशींनी लगेच वाकून पैसे दिले, दोन्ही हातांनी, आणि पिशवी घेऊन गेल्या. रात्रभर माझा जळफळाट झाला.

खरी गोष्ट त्यांनी मला वर्षभराने सांगितली, हसताना तोंडावर हात धरून. “मला काळे तीळ हवे होते. पण तुम्ही इतक्या उत्साहाने भाव खाली आणत होता, मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं.” काळे तीळ मी मागच्या फळीवर ठेवलेले, पितृपंधरवड्याची मागणी म्हणून! म्हणजे त्या दिवशी मी चुकीच्या मालावर माझी मीच घासाघीस करत होते. आणि हरलेही.

दुसरं भांडण झाडूवरून. म्हणजे भांडत मीच होते. मावशी रोज सकाळी दुकानासमोरची फरशी झाडायच्या आणि झाडता झाडता हातभर माझ्या हद्दीत यायच्या. अगदी हातभर. तिथे थांबायच्या. माझं टाळकं सरकलं. ही बाई मला सांगते आहे काय, की तुझं दार घाण आहे? दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी माझं दार तर झाडलंच, वर त्यांचंही सगळं झाडून काढलं, कोपऱ्यापर्यंत. घ्या! मावशी आल्या आणि फरशी बघून लालबुंद झाल्या. तिसऱ्या दिवशी मला मुटक्यांचा डबा आला. मी डबा परत दिला तो बेसनाचे लाडू भरून. भांडं रिकामं परत करायची पद्धत आमच्याकडेही नाही. लाडवांच्या बदल्यात आल्या लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड वड्या. हे कुठे थांबेना तेव्हा एकदा मीच तोंड उघडलं, “मावशी, तुम्हाला म्हणायचंय तरी काय?”

त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि झाडूने फरशीवर रेघ दाखवली. “माझ्या गावात आपलं दार झाडतात आणि शेजाऱ्याचं थोडंसं. अजिबात नाही झाडलं तर तो माणूस कोत्या मनाचा. सगळं झाडलं तर शेजाऱ्याला लाज आणली. थोडंसं झाडायचं. म्हणजे मी आहे, एवढं कळतं.”

दुसऱ्या दिवसापासून मी माझं दार झाडायला लागले आणि हातभर त्यांचं. दोन्ही दुकानांच्या मधली तेवढी फरशी रोज दोनदा झाडली जायची. तिच्यावर बसून जेवलं असतं तरी चाललं असतं.

आता मावशी मुटक्यांबरोबर द्यायच्या त्या सूपची गोष्ट.

कंपन्यांमधली आमची पोरं ऑफिसच्या सुशी लंचला जायची आणि काकडी घातलेल्या भातावर पैसे उडवून उपाशी परत यायची. मी त्यांना शेजारी पिटाळायचे. माझं लिंबाचं लोणचं मावशींनी चाखलं, डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी मुटक्याच्या पोटात घातलं. पोरं तुटून पडली. शुक्रवारी दुपारी दारात रांग लागायची. त्या रांगेत आमच्या मराठी मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष असत. नाव घेत नाही. घेतलं तर चूळ भरावी लागेल. कंपनीत मोठे साहेब, घरात कांदा-लसणाचंसुद्धा वावडं. पहिल्या दिवशी त्यांनी सूपच्या वाटीकडे बोट दाखवून विचारलं, “व्हेजिटेरियन आहे ना? नो फिश?”

मावशींनी मान कलती केली. ‘स्स्स्…’

अध्यक्षांनी खूश होऊन तशीच मान कलती केली आणि वाटी उचलली. मावशींना वाटलं, यांना कळलं की सूप सुक्या मासळीच्या पाण्यात केलंय, तरी पितायत, म्हणजे आवडत असणार. अख्खा हिवाळा ते दर शुक्रवारी दोन-दोन वाट्या प्यायले. “काय बॉडी आहे यार या सूपला! अशी चव आपल्या आमटीला का येत नाही?” असं मलाच विचारायचे.

मग एके दिवशी मुदपाकखान्याचं दार उघडं राहिलं आणि अध्यक्षांना मावशी मासळीचे पापुद्रे पाण्यातून गाळताना दिसल्या.

त्यानंतर ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. भर रांगेसमोर त्या म्हाताऱ्या बाईला खोटारडी म्हणाले. तिथून माझ्या दुकानात आले. “काकू, तुम्हीच पाठवलंत. तुमचं कमिशन असणार!” मंडळाच्या दिवाळी फराळाची ऑर्डर दरवर्षी माझी असायची. ती कॅन्सल केली आणि सगळ्यांना सांगितलं की काकूंच्या दुकानातलं काही खाऊ नका, तिथे काय कशाला शिवतं कुणास ठाऊक. मी हे विसरलेले नाही.

पण त्याहून जास्त डोक्यात बसलं आहे ते पुढचं. मावशी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, राखी कोट घालून, कापडात बांधलेला डबा घेऊन अध्यक्षांच्या घरी माफी मागायला गेल्या. पावसात, बसने. त्याने दार अर्धवट उघडलं, “नॉट नाउ” म्हणाला आणि लावून घेतलं. त्या डब्यात फक्त फळं होती. नीट विचार करून, त्याला चालतील अशी, सोलून, मांडून.

मी तणतणत होते. मावशींनी मला एवढंच विचारलं, “तुमच्या लोकांना कळेल अशी खूण कोणती?” मी माझ्या दुकानातलं पाकीट आणून त्यावरचा हिरवा ठिपका दाखवला. आठवडाभराने त्यांच्या ओट्यावर दुसरं पातेलं आलं. त्यात समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचं पाणी, मासळीचा वाससुद्धा नाही. त्या पातेल्याच्या पळीला हिरवा दोरा बांधलेला. ती पळी चुकूनही दुसऱ्या पातेल्याजवळ गेलेली मी कधी पाहिली नाही. पोरं बिचकत परत आली. ‘हिरव्या दोऱ्याचं’ असं त्या सूपचं नावच पडलं. आणि खरं सांगते, ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं.

२००६च्या सुमाराला माझ्या भाड्याचा करार संपत आला. तोपर्यंत सुशीचं वेड गल्लोगल्ली पोचलं होतं आणि सरकत्या पट्ट्यावरून बशा फिरतात ती हॉटेलं निघायला लागली होती. एका दुपारी मला दिसलं, अध्यक्षांची गाडी मावशींच्या दारात, आणि मागोमाग आमच्या जागेच्या मालक-कंपनीचा मॅनेजर. मी लाडवांचा डबा उचलला, निमित्त म्हणून, आणि शिरले आत.

अध्यक्ष लॅपटॉप उघडून चित्रं दाखवत होते. त्यांनी चार भागीदार जमवले होते. बेत असा: माझी आणि मावशींची जागा एक करून मोठं सुशी हॉटेल काढायचं. मावशींच्या जुन्या करारात होतं की शेजारच्या जागेचा करार संपला तर ती मागण्याचा पहिला हक्क त्यांचा. म्हणून जागा मावशींनी मागायची, पैसा यांनी घालायचा, पाटीवर फोटो मावशींचा. आणि मी? मी फुटपाथवर.

“वा!” मी म्हटलं. “मासा तुमच्या पोटात गेला तर विटाळ, आणि गल्ल्यात आला तर लक्ष्मी का हो?”

“काकू, हा बिझनेस आहे. पर्सनल घेऊ नका.” मग मावशींकडे वळून गोड आवाजात इंग्रजीत म्हणाले, “तुम्हाला काम करायची गरजच नाही. फक्त बसायचं. सो, आर यू विथ अस?”

मावशींनी मान कलती केली. ‘स्स्स्…’

अध्यक्षांनी टाळी वाजवली. “ग्रेट! शी इज ऑन बोर्ड!” एवढं सूप पिऊन माणूस काहीही शिकला नव्हता.

“तो नकार आहे!” मी ओरडले. “त्या नाही म्हणतायत!”

“काकू, तुमचा यात इंटरेस्ट आहे. तुम्ही कशाला मध्ये बोलता?”

आणि दुर्दैव असं की त्याचं म्हणणं मॅनेजरला पटलं. तो सज्जन माणूस होता, पण त्याला कागद भरायचा होता. तो म्हणाला, “सॉरी, मला त्यांच्याकडूनच ऐकायला हवं. मॅम, येस ऑर नो?”

अमेरिकेत सगळी हयात काढून जो शब्द त्या बाईने उच्चारला नव्हता, तो आता उच्चारला तरच माझं दुकान राहणार होतं. मावशींनी पुन्हा मान कलती केली. मॅनेजर पेन धरून थांबला. अध्यक्ष हसत होते.

मावशींनी हात धुतले. पुसले. ॲप्रन काढून घडी घालून ठेवला. ओट्यामागून बाहेर आल्या, मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या. मग ताठ झाल्या. मान अगदी सरळ.

“नो,” त्या म्हणाल्या.

मावशींनी माझ्याकडे हात केला. “शी स्वीप्स माय डोअर.”

बस, एवढंच. मॅनेजरला त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळला नसेल, पण पहिलं कळायला काही अडचण नव्हती. त्याने पेनाचं टोपण लावलं. अध्यक्षांनी लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला, काहीतरी बोलायला गेले, मॅनेजर म्हणाला, “सर, शी सेड नो.” तो जेव्हा हे म्हणाला ना, तेव्हा मला ढोल-ताशे ऐकू आले! पाचव्या मिनिटाला अध्यक्षांची गाडी वळून गेली होती. मी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

आत आले तर मावशी स्टुलावर बसलेल्या. “मी फार उद्धटपणा केला,” त्या म्हणाल्या. “उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी मागायला हवी.”

“त्याच्या दारात पुन्हा गेलात तर मी तुमच्या दारात आडवी झोपेन!”

मावशींनी मान कलती केली. त्या वेळी मात्र तो नकार मला कळला, तरी मी माघार घेतली नाही, त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. त्या गेल्या नाहीत माफी मागायला. एवढं मी त्यांच्याकडून मिळवलं.

माझा करार पुढे चालू झाला. मंडळातल्या पोरांनी ही गोष्ट अशी पसरवली की दिवाळीची ऑर्डर आपल्या पायांनी चालत माझ्याकडे परत आली. आणि अध्यक्ष? ते आता अध्यक्ष नाहीत. मी मावशींचे कान भरले, असं अजून सांगत असतात. त्यांनी मावशींची माफी मागायला हवी होती, मागितली नाही. त्यांची बायको मात्र अधूनमधून येऊन हिरव्या दोऱ्याचं सूप घेऊन जायची, मोठा डबा भरून. कुणासाठी, ते मी कधी विचारलं नाही. डबा मीच झाकण घट्ट लावून द्यायचे.

२००८ मध्ये मावशींच्या गुडघ्यांनी हार मानली. मुलगी हवाईला असते, तिने बोलावून घेतलं. मावशींनी मॅनेजरला निरोप दिला की कोपऱ्याचं दुकान द्यायचं तर शेजारणीलाच द्या. तो आला तेव्हा मावशी स्टुलावर बसून बशा कापडात गुंडाळत होत्या. मॅनेजरने भाडं सांगितलं. माझ्या जिभेवर चार सणसणीत वाक्यं आली. मी ती गिळली. मान एका बाजूला कलती केली, दातांमधून हवा आत ओढली, ‘स्स्स्…’, आणि गप्प राहिले.

तो घुटमळला. म्हणाला, “तसं थोडं कमी करता येईल.” मी त्याच्या बुटांकडे बघत होते. तो म्हणाला, “अजून थोडं, पण मग करार मोठा करावा लागेल.” मी खिडकीबाहेर बघत होते. त्याचा तोच घासाघीस करत होता! शेवटी जो आकडा त्याने सांगितला तो मी भांडून कधीच काढू शकले नसते.

तो गेल्यावर मावशी तोंडावर हात धरून इतकं हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसत, गुरूने शिष्याला सांगावं तसं म्हणाल्या, “स्स्स् थोडं लांबलं. पुढच्या वेळी एवढंच.” आणि करून दाखवलं.

हिरव्या दोऱ्याची पळी त्यांनी मला दोन्ही हातांनी दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांच्या पायांना हात लावला. काय करावं ते त्यांना कळेना. त्याही खाली वाकल्या. दोघी एकमेकींसमोर वाकून उभ्या, आणि आधी सरळ कुणी व्हायचं हा प्रश्न. त्यांची मुलगी गाडीत बसून हॉर्न वाजवत होती.

मावशींची रीत होती, गिऱ्हाईक दिसेनासं होईपर्यंत दारात उभं राहायचं. मी रिपरिपीत तशी उभी राहिले, गाडी सिग्नलवरून वळेपर्यंत. वळताना काचेत त्यांचं डोकं दिसलं. ते खाली वाकलेलं होतं.

आता दोन्ही दारं माझी. एका बाजूला किराणा, दुसरीकडे मुटके आणि दोन पातेली. मधली ती फरशी दोनदा झाडायचं कारण उरलं नाही. माझ्या पलीकडे एक लॉन्ड्री आहे. रोज सकाळी मी माझं सगळं झाडते आणि हातभर तिचं. लॉन्ड्रीवाली दारात येऊन कमरेवर हात ठेवते आणि माझ्याकडे जळजळीत नजरेने बघते. बघू दे. माझीही नजर तशीच होती.